धुऱ्यावरची चिचबिलाई

एसटीच्या ड्रायव्हरची सीट रस्त्यापासून बरीच उंच असते. पायी चालणाऱ्याला जे कुंपण डोक्याएवढं वाटतं, त्याच्यावरून ड्रायव्हरला थेट आतलं दिसतं. वावरात काय पेरलंय, विहिरीवर कोण बसलंय, दोरीवर कोणत्या रंगाचं लुगडं वाळतंय, सगळं. मी तीस वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या रस्त्यांवर गाडी चालवली. त्या तीस वर्षांत दुसरं काही शिकलो असेन-नसेन, कुंपणं मात्र पोटभर पाहिली.

वणीच्या अंगाला काळी, भारी जमीन. तिकडे धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बाभळीच्या नाहीतर बोरीच्या काट्या नुसत्या रचून ठेवलेल्या असायच्या. अशा मेलेल्या काट्यांच्या कुंपणाला कुपाटी म्हणतात. दर वर्षी नवी घालायची आणि दर वर्षी ती वाळवीनं खायची. रस्त्याकडेच्या कुपाट्या कोळशाच्या ट्रकांच्या धुळीनं काळ्या पडलेल्या असत. पाऊस येऊन गेला की दोन दिवस त्यांचा खरा तपकिरी रंग दिसायचा, मग पुन्हा काळ्या.

पांढरकवड्याहून आत जंगलाकडे वळलं की कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, बांबूची कुंपणं लागत. बांबू चिरून त्याच्या पट्ट्या उभ्या खुंटांमधून आडव्या विणलेल्या, जशी टोपली विणतात तशा. उंची कमरेएवढीच. एकदा अशा एका पोडाजवळ गाडी पंक्चर होऊन मी दोन तास अडकलो होतो. तिथल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, की एवढ्या ठेंगण्या कुंपणानं अडतं तरी काय? तो म्हणाला कोंबड्या अडतात, माणसं कशाला अडवायची.

आणि आमच्या दारव्हा-बोरी अरबच्या भागात जिवंत कुंपणाची पद्धत. कुठं निवडुंग, कुठं मेहंदी, कुठं सागरगोटीचं जाळं, आणि जुन्या बगीच्यांना हटकून चिचबिलाई. शहरातले लोक तिला विलायती चिंच म्हणतात. उन्हाळ्यात तिला जिलबीसारख्या वळलेल्या शेंगा येतात, आत पांढरा-गुलाबी गोड गर. पोरं त्या शेंगांसाठी काटे टोचून घेतात. मीही घेतलेले आहेत.

हे सगळं मी फक्त पाहत होतो. कुंपण घालायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, कारण माझ्या वाट्याचं तीन एकर वावर बोरी अरबजवळ असलं तरी ते कायम बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं असायचं. नोकरीतून सुटलो तेव्हा बायको म्हणाली, आता तरी स्वतः करू. तिचं बालपण शेतात गेलेलं. लग्नानंतर डेपोजवळच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये तिनं तेलाच्या डब्यात मिरच्या लावल्या, पण डबा तो डबा. मी होकार दिला तो मुख्यतः तिच्यासाठी.

पहिल्या वर्षी आम्ही हरभरा पेरला. विहिरीजवळच्या तुकड्यात तिनं वांगी, टमाटे आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावला. रोज सकाळी ती माझ्या आधी वावरात पोचायची. पौषातल्या एका सकाळी मी मागून गेलो तर ती वांग्यांच्या वाफ्यात उभी होती आणि वाफा राहिलेला नव्हता. डुकरांनी माती अशी उलथली होती की नांगर फिरवल्यासारखं वाटावं. हरभऱ्यात रोह्यांच्या, म्हणजे नीलगाईंच्या, कळपानं वाट पाडली होती. उपटलेली झाडं तिनं एका बाजूला गोळा केली, ज्यांची मुळं शाबूत होती ती पुन्हा मातीत खोचली आणि पाणी घालायला लागली. मला ते पाहवलं नाही. मी त्याच दुपारी दारव्ह्याला गेलो, तारेच्या जाळीचा भाव विचारायला.

वेल्डिंगच्या ज्या दुकानात मी गेलो तिथं मालक बाहेरगावी होता. त्याचे वडील दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. सत्तरी ओलांडलेले, पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. त्यांना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणायला लागलो. मी म्हटलं तीन एकराला जाळी पाहिजे. त्यांनी भाव सांगण्याआधी विचारलं की वावर कुठं आहे, उतार कोणत्या बाजूला आहे, आणि धुऱ्यावर आज काय उभं आहे. मी सांगितलं, दोन बाजूंना काही नाही, रस्त्याच्या बाजूला थोडी मेहंदी आहे, आणि शेजाऱ्याच्या धुऱ्यावर जुनी चिचबिलाई आहे, पण तिचा काही उपयोग नाही. वीस फूट उंच गेली आहे आणि खालून डुकरंच काय, बैलबंडीही जाईल एवढ्या फटी आहेत.

चाचा खुर्चीवरून थोडे पुढं झाले.

"देखो भाऊ," ते म्हणाले, "जाळी माह्या पोराची हाये, मी तुमाले आत्ताच इकतो. पन चिचबिलाई उभी असताना त्या बाजूनं जाळी लावनं म्हंजे गुनाच हाये. तिले झोपवा लागते."

झोपवायचं म्हणजे काय ते मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं तेही त्या दिवशी नीट समजलं नाही. इतकंच कळलं, की त्यांचे वडील बगीच्यांची कुंपणं राखायचं काम करत. चाचांनी तेच काम चाळीस वर्षांचे होईपर्यंत केलं. मग तार आली, लोखंडी खांब आले, तेव्हा ते वेल्डिंग शिकले आणि मुलाला शिकवलं. आता डोळ्यांना वेल्डिंगची ठिणगी सोसत नव्हती. हात मात्र रिकामे होते, आणि रिकाम्या हातांचा त्यांना कंटाळा आला होता.

चार दिवसांनी ते वावरात आले. मुलगा मोटारसायकलवर सोडून गेला आणि जाता जाता मला हसत म्हणाला, की अब्बा आमचंच गिऱ्हाईक परत पाठवून राह्यले. चाचांनी पोत्यात गुंडाळलेला कोयता काढला. पातं पाहताच मी ओळखलं, ते ट्रकच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पट्ट्यापासून घडवलेलं होतं. मी ते बोलून दाखवलं तेव्हा माझ्याविषयीचं त्यांचं मत जरा सुधारल्यासारखं वाटलं.

धुऱ्यावर जाऊन ते उकिडवे बसले. बुंध्याजवळचा पालापाचोळा हातानं सारला, एक खोड नखानं खरवडून खालची हिरवी साल पाहिली, दहा पावलं पुढं जाऊन पुन्हा बसले. असं करत ते पूर्ण धुरा चालले. मग परत येऊन म्हणाले, की झाड चांगलं आहे, मुळं जबरदस्त आहेत, काम होईल. पण आता नाही. आता लाकूड कोरडं आहे, वाकवलं की कडकन मोडेल. पोळा झाला की यायचं, तेव्हा झाडात पाणी असतं आणि फांदी रबरासारखी वळते. आणि आणखी एक गोष्ट.

"एका बाजूनं हे काम होत नाई," ते म्हणाले. "दोन मानसं लागते. एक अलीकडं, एक पलीकडं. पलीकडं कोन हाये तुमच्या?"

पलीकडे जो होता त्याच्याशी आमच्या घराचं वीस वर्षं बोलणं नव्हतं.

तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. प्राथमिक शाळेत आम्ही एका बाकावर बसलेलो. पुढं आमच्या वडिलांमध्ये धुऱ्यावरून वाजलं. मी तेव्हा नोकरीत, वणीला. सुटीत घरी आलो तेव्हा वडिलांनी सांगितलं की त्या घराशी बोलायचं नाही, आणि मी बोललो नाही. दोन्ही म्हातारे गेले. आम्ही एकमेकांच्या वडिलांच्या मयतीला गेलो, पण मागं उभे राहिलो आणि न बोलता परतलो. वावरात समोरासमोर आलो तर दोघंही आभाळाकडे पाहायचो, जणू पावसाचा अंदाज घेतोय.

पोळ्यापर्यंत वेळ होता म्हणून मी जाणं लांबवत राहिलो. उन्हाळा गेला, पेरणी झाली, डवरणी झाली. शेवटी बायकोच म्हणाली, की तीस वर्षं तुम्ही अनोळखी माणसांना हाका मारून गाडीत बसवलं, आणि शेजारच्या घरी जायला पाय जड होतात. ती म्हणाली जाताना काही घेऊन जाऊ नका, काही घेऊन गेलं की माणूस सावध होतो. मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या हातानं गेलो.

तो अंगणात फवारणीचा पंप खोलून बसला होता. त्यानं मला पाहिलं, वॉशर हातातच धरून ठेवला आणि बस म्हणाला नाही. त्याच्या बायकोनं आतून येऊन खाट टाकली. मी बसलो. जे सांगायचं ते सांगितलं: चाचा कोण, काम काय, दोन बाजूंनी माणूस का लागतो. तो पंपाकडे पाहत ऐकत होता. मग त्यानं कुंपणाबद्दल एकच प्रश्न विचारला.

"कूप तुमचं का आमचं?"

मी घरून निघताना बरीच उत्तरं तयार केली होती. ती सगळी मी बाजूला ठेवली.

"मले ठाव नाई," मी म्हणालो.

त्यानं वॉशर बसवला, पंपाची दांडी दोनदा वरखाली केली.

"मलेई ठाव नाई," तो म्हणाला. मग पंप बाजूला ठेवून, "सावली माह्या कपाशीवर पडते. तितली जागा दर साल वाया जाते. कापाचं असन तं येतो."

सोमवारी सकाळी आम्ही तिघं धुऱ्यावर होतो. चाचा मधे, मी अलीकडे, तो पलीकडे. पहिले दोन दिवस नुसती साफसफाई. वाळलेल्या फांद्या, वर चढलेले वेल, जुनी पोती, कुठून तरी उडून आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. काटे इतके, की संध्याकाळी बायको सुई घेऊन माझ्या तळहातातले एकेक काढायची. तिनं सकाळी तिघांसाठी चहा पाठवला. शेजाऱ्यानं पहिल्या दिवशी नको म्हटलं, दुसऱ्या दिवशी चाचांच्या आग्रहानं घेतला, तिसऱ्या दिवशी त्याच्या घरून भाकरी आणि वरण आलं, तेही तिघांपुरतं.

तिसऱ्या दिवशी चाचांनी पहिलं झाड झोपवलं. मनगटाएवढं खोड निवडलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर कोयत्याचे तिरपे घाव घातले, खोडाचा तीन चतुर्थांश भाग कापला आणि थांबले. जे उरलं ती बोटभर जाडीची सालीसकट पट्टी. तिला ते जीभ म्हणायचे. मग दोघांना हात लावायला सांगितला आणि तिघांनी मिळून ते उंच झाड हळूहळू आडवं केलं, धुऱ्याच्या ओळीत, उताराच्या उलट दिशेला. शेंडा चढाकडे, बुंधा उताराकडे. जीभ ताणली गेली, चिरकली, पण तुटली नाही. झाड जमिनीशी थोडा कोन करून पडलं आणि तसंच राहिलं.

"आता हे मेलं नाई," चाचा म्हणाले. "जिभेतून पानी पेते. जिथून वाकलं तिथून नवे फुटवे सरळ वर येईन. दोन सालात खालून कोंबडी घुसनार नाई."

पुढचं झाड त्याच्यावर, त्याच्या पुढचं त्याच्यावर, एकाचे काटे आमच्या बाजूला तर दुसऱ्याचे शेजाऱ्याच्या बाजूला. दर दोन हातांवर बोरीची खुंटी ठोकायची आणि झोपवलेली खोडं त्या खुंट्यांच्या मधून आलटून-पालटून घ्यायची. वरच्या कडेला निर्गुडीच्या लांब फोका पिळून बांधायच्या, म्हणजे वाऱ्यानं काही उचकटत नाही. चाचा कापायचे, आम्ही दोघं दोन्हीकडून धरायचो आणि ओढायचो. धरताना बोलावंच लागतं. इकडं घ्या, थांबा, सोडा, काटा आहे. झाडं झोपवताना पहिले दोन दिवस तो मला तुमी म्हणत होता: तुमी जरा उचला, तुमी सोडा आता. शाळेत असताना आमच्यात तुमी हा शब्दच नव्हता.

पाचव्या दिवशी चाचांनी कोयता माझ्या हातात दिला. म्हणाले, माझे गुडघे दुखतात, आता तुम्ही कापा. मी तीन झाडं बरी कापली. चौथ्याला जोर जास्त लागला. जीभ पार कागदासारखी राहिली आणि झाड वाकवताच ती तुटून पूर्ण झाड पलीकडच्या कपाशीत आडवं पडलं. आठ-दहा बोंडं लागलेली दोन झाडं खाली चिरडली. मी कोयता धरून तसाच उभा. वाटलं, झालं, वीस वर्षांनी पुन्हा सुरू.

त्यानं चिरडलेल्या कपाशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय बे," तो म्हणाला, "एसटीचा ब्रेक असाच दाबत होता का?"

चाचा हसले, मग तो हसला, आणि मग मीही. बे हा शब्द आमच्याकडे फक्त जवळच्या माणसाला म्हणतात. तो शब्द त्या दिवसानंतर राहिला.

तुटलेल्या झाडाची जागा रिकामी राहिली. तिथं हातभर फट. चाचा म्हणाले की बुंध्यातून फुटेल, पण वेळ लागेल. शेजाऱ्यानं घरून सागरगोटीच्या बिया आणल्या, दगडावर घासून त्यांचं कवच पातळ केलं आणि त्या फटीत लावल्या.

सातव्या की आठव्या दिवशी, धुऱ्याच्या मधोमध, तो बुंध्याजवळचा कचरा उपसत होता आणि एकदम थांबला. त्यानं मला हाक मारली. पाल्याखाली एक जाड खोड जमिनीला समांतर गेलेलं होतं, मांडीएवढं, काळं पडलेलं, आणि त्याच्या कोपरातून आजची उंच झाडं सरळ वर निघाली होती. पुढं आणखी एक तसंच. आणि आणखी एक. चाचांना बोलावलं. ते हात टेकत खाली बसले, कोपरावरून बोटं फिरवली.

हे कुंपण पूर्वी एकदा झोपवलेलं होतं. चाचा म्हणाले, साठ वर्षं तरी झाली असतील. त्यांनी आम्हाला दाखवलं की एका खोडाचा काप आमच्या बाजूनं आहे, पुढच्याचा शेजाऱ्याच्या बाजूनं, पुन्हा आमच्या. म्हणजे तेव्हाही दोन माणसं होती, दोन्हीकडून. मी त्यांना विचारलं की हे तुमच्या वडिलांचं काम असेल का. त्यांनी आणखी दोन काप पाहिले. म्हणाले, असू शकेल, या भागात असं काम करणारी दोन-तीनच घरं होती, पण लाकडावर सही नसते, मी खोटं सांगणार नाही.

आम्ही दोघं धुऱ्यावर समोरासमोर बसलो. तेव्हा त्यानं पहिल्यांदा भांडणाचा विषय काढला. त्याच्या घरात सांगितलं जायचं की माझ्या वडिलांनी कुंपणाच्या टोकाला बंडी नेण्यासाठी वाट पाडली आणि तिथून जनावरं त्यांच्या ज्वारीत शिरली. आमच्या घरात सांगितलं जायचं की त्याच्या वडिलांनी हद्दीचा दगड नांगराच्या एका तासाएवढा आमच्याकडे सरकवला. मी जनावरांबद्दल कधी ऐकलेलं नव्हतं. त्यानं दगडाबद्दल कधी ऐकलेलं नव्हतं. दगड कुठं आहे ते पाहायला आम्ही दोघं उठून टोकापर्यंत गेलो. दगड सापडला नाही. वाट होती, पण तिच्यात आता बेशरमाच्या झुडपांचं रान माजलं होतं. आम्ही परत आलो तेव्हा चाचा म्हणाले, चला, एक फांदी धरायची आहे, आणि आम्ही धरली.

एकूण बारा दिवस लागले. शेवटच्या दिवशी आम्ही मागं सरकून पाहिलं तेव्हा, खरं सांगायचं तर, फार वाईट दिसत होतं. वीस फूट उंच हिरव्या भिंतीच्या जागी छातीएवढा काटक्यांचा आडवा ढीग. पाच-सहा दिवसांत त्याची पानंही पिवळी पडून गळायला लागली. गावातले लोक रस्त्यानं जाताना थांबायचे. कोणी म्हणालं, डायव्हरनं चांगली उभी झाडं पाडून टाकली. कोणी म्हणालं, सरपण तरी नीट रचायचं होतं. मी बायकोसमोर बेफिकीर राहायचो आणि रोज एकटाच जाऊन नखानं साल खरवडून पाहायचो. खाली हिरवी होती. पण नुसत्या हिरव्या सालीवर किती विश्वास ठेवायचा.

शेजारीही तेच करत होता, हे मला नंतर कळलं. एका सकाळी मी गेलो तर तो त्याच्या बाजूनं वाकून बघत होता. त्यानं मान न उचलता बोटानं एक जागा दाखवली. जिभेच्या अगदी खाली, जिथं खोड वाकलं होतं, तिथं तांबूस रंगाचे तीन कोंब होते, तांदळाएवढे. पुढच्या झाडाला पाच. आम्ही दोघं, दोन बाजूंनी, शाळकरी पोरांसारखे मोजत मोजत धुऱ्याच्या टोकापर्यंत गेलो. जी झाडं मी कापली होती त्यांपैकी दोन गेली. चाचांनी कापलेलं एकही गेलं नव्हतं.

दिवाळीपर्यंत पूर्ण ओळ पोपटी झाली. चाचांना मी मुद्दाम घेऊन आलो. ते मोटारसायकलवरून उतरले, दुरूनच पाहिलं, जवळ गेले नाहीत. म्हणाले, ठीक आहे. मग बायकोनं दिलेल्या चिवड्याची पुडी खिशात ठेवली आणि माझ्याकडून पाणी मागून घेतलं. त्यांनी असं काम शेवटचं केलं त्याला तीस वर्षं झाली होती, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी कदाचित त्यांना झाड कापू दिलं नसतं. बहुतेक म्हणूनच सांगितलं नव्हतं.

ज्या बाजूंना काही नव्हतं तिथं आम्ही त्यांच्या मुलाकडून जाळीच लावली, आणि रस्त्याकडे एक लोखंडी फाटक. सगळीकडे चिचबिलाई उगवायची वाट पाहायला माझ्याजवळ तेवढी वर्षं नाहीत. जाळीच्या आतून आता मेहंदी आणि सागरगोटी लावली आहे, पुढं जे होईल ते होईल. त्या वर्षी हरभऱ्यात डुकरं शिरली नाहीत. त्यांच्या खुरांच्या खुणा मी पाहिल्या, शेजाऱ्याच्या धुऱ्यालगत येऊन लांबपर्यंत गेलेल्या आणि तिथूनच वळलेल्या. रोही एकदा आले, पण ते मी फाटक उघडं टाकलं म्हणून. त्याचा दोष कुंपणाला देता येत नाही.

मला न विचारता झालेला बदल म्हणजे कुंपण बुटकं झालं. आधी फटींतून दिसेल तेवढं सोडलं तर पलीकडचं काही दिसायचं नाही. आता बायको वांगी तोडताना पलीकडची वहिनी कपाशी वेचताना दिसते, आणि दिसलं की बोलणं होतं. त्यांच्या बोलण्याला विषय लागत नाही. सांबार इकडून तिकडे जातो, तिकडून अंबाडीची भाजी येते. एकमेकींच्या डोक्याला तेल कोणतं चांगलं, इथवर त्या पोचल्या आहेत.

यंदा चाचांना आणखी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक दारव्ह्याजवळचा संत्र्याचा बगीचा, दुसरा बोरी अरबमधल्याच एका जुन्या विहिरीभोवतीचा घेर. त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत. म्हणून ते खुर्चीवर बसतात आणि आम्ही दोघं कापतो. खुर्ची दर दहा हातांनी पुढं सरकवायची. चुकलं की ते नुसता घसा खाकरतात. बगीच्याच्या मालकानं आम्हाला विचारलं की तुम्ही भाऊ-भाऊ का? शेजारी म्हणाला की नाही, आमचा धुरा एक आहे.

मागच्या आखाडात आम्ही आमच्या कुंपणाची छाटणी काढली. दोन वर्षांत फुटवे एवढे वर गेले होते की सावली पुन्हा कपाशीत उतरायला लागली होती. तो पलीकडून कापत होता, मी अलीकडून. सकाळचे नऊ वाजले असतील. मधेच त्यानं हात वर करून मला थांबवलं. फांद्यांच्या जाळीत, त्याच्या कोयत्यापासून वीतभरावर, बुलबुलाचं वाटीएवढं घरटं होतं आणि त्यात तीन पिल्लं चोची उघडून बसली होती. त्यांची आई वरच्या विजेच्या तारेवर येऊन ओरडायला लागली.

तो म्हणाला, त्याच्या बाजूनं कापलं तर घरटं उन्हात पडेल. मी म्हणालो, माझ्या बाजूनं कापलं तर मांजरीला वाट होईल. आम्ही थोडा वेळ यावर वाद घातला. मग त्यानं डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा सोडला, त्याची एक चिंधी फाडून त्या फांदीला खूण म्हणून बांधली, आणि आम्ही घरट्याच्या दोन्ही बाजूंना हात-हात जागा सोडून पुढं कापत गेलो. पिल्लं उडून जायला दहा-बारा दिवस लागतील असं तो म्हणाला. मी पंधरा म्हणालो.